‘मी असलो की जंगलच नसतं’: एका रेंजरच्या फेरमांडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट रचत जाण्याच्या खेळाच्या, टेबलावरचं आहे. कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी एक गोष्ट, जून २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये संपलं. डीएम (डंजन मास्टर, जग आणि शत्रू चालवणारी) मी होते. पाच खेळाडू, दर दुसऱ्या शनिवारी रात्री नऊ ते एक, एका फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल आणि मधोमध चिवड्याचं पातेलं. नावं देत नाही. ज्याचा जो क्लास (पात्राचा पेशा), त्याच नावाने त्याला हाक मारते: रेंजर (रानातला वाटाड्या), पॅलाडिन (धर्मयोद्धा), क्लेरिक (पुजारी), रोग (चोरटा), विझर्ड (जादूगार). ओळख पटेल असे तपशील पाचही जणांना विचारून बदलले आहेत.

नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकातले. जग मात्र मी रचलेलं. गॉब्लिन, भुतं, ड्रॅगन पुस्तकातलेच, पण भूगोल सरळसरळ सह्याद्रीचा. वर घाटमाथा, खाली खाडीची पट्टी, मध्ये खिंडी, ओस पडलेले गड, कारवीचं रान, पावसात जळवा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं हीच या जगातली मोठी गोष्ट असावी, असं मनात होतं. अशा जगात रेंजर हा सगळ्यात महत्त्वाचा माणूस ठरायला हवा होता.

रेंजर घेतलेला मित्र सुट्टी मिळाली की गड गाठणारा. त्याने पसंतीचा प्रदेश ‘डोंगर’ घेतला, पसंतीचे शत्रू गॉब्लिन आणि ऑर्क, आणि तिसऱ्या लेव्हलला बीस्ट मास्टर ही जनावर सोबतीला देणारी शाखा. जनावर म्हणून लांडग्याचे आकडे घेऊन आम्ही त्याला कोळसून केलं. कळपातून चुकलेलं तांबूस पिल्लू, नाव तांबू. पहिल्या महिन्यात टेबलावरचं सगळ्यात लाडकं पात्र तेच होतं.

रेंजरचा इतिहास इथे थोडा सांगावा लागेल, कारण दुखणं जुनं आहे. हा क्लास पहिल्यांदा १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला; लेखकाचं नाव जो फिशर. १९७८ मध्ये तो प्लेअर्स हँडबुकमध्ये गेला. तेव्हा त्याला राक्षसवर्गातल्या शत्रूंवर जादा नुकसान मिळायचं, वर थोडे मंत्रही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन हातांत दोन शस्त्रं आली. २००३ च्या दुरुस्तीत धनुष्य की दोन तलवारी, असा पर्याय आला. प्रत्येक आवृत्तीने त्याच्या गाठोड्यात काहीतरी टाकलं, पण याचं काम नेमकं काय, हे कुणी पक्कं ठरवलंच नाही. फायटर लढतो, विझर्ड मंत्र टाकतो, रोग कुलपं उघडतो. रेंजर ‘जंगलात पटाईत’. म्हणजे टेबलावर तो काय करतो?

अडचण

पाचव्या लेव्हलपर्यंत कुरकुर नव्हती. मग लागोपाठच्या तीन सेशनमध्ये सगळं वर आलं.

पहिलं सेशन घाट चढण्याचं. मी दोन संध्याकाळ खपून तयारी केली होती: फुटलेली पायवाट, ढासळलेल्या पायऱ्या, धुकं, एक फसवी सोंड. रेंजरने शांतपणे पात्राचं शीट उचललं आणि वाचलं, “डोंगर आहे ना? मग आमचा गट वाट चुकत नाही. अवघड वाटेने वेग कमी होत नाही. अन्न शोधलं तर दुप्पट मिळतं.” तिन्ही वाक्यं पुस्तकात होती तशीच. मी माझ्या कागदांकडे पाहिलं आणि म्हणाले, “तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माथ्यावर पोचता.” तीन दिवसांचा घाट एका मिनिटात संपला. विझर्ड म्हणाला, “भारी!” रेंजर काहीच बोलला नाही.

दुसरं सेशन खाडीचं. खाजण, तिवरांचं रान, भरतीच्या वेळा. इथे डोंगर नाही, म्हणजे त्याची एकही खुबी लागू नाही. डोंगरात सर्व्हायव्हलला, म्हणजे रानात निभावण्याच्या कौशल्याला, त्याला प्राविण्याचा (शिकलेल्या कौशल्याचा) बोनस दुप्पट होऊन +८ मिळायचे, इथे +५. क्लेरिकने ते कौशल्य कधी घेतलेलं नव्हतं, पण विझ्डम (शहाणपणाचा आकडा) अठरा, म्हणून +४. दोघांनी फासा टाकला. रेंजरला चार पडले, क्लेरिकला सतरा. देवळाबाहेर फारसं न पडलेल्या पुजाऱ्याने चिखलातून वाट काढली आणि आयुष्य रानात काढलेला माणूस मागून चालत गेला. सगळे हसले. तोही हसला, पण कसं ते मला दिसत होतं.

तिसऱ्यात तांबू मेला. शत्रूच्या जादूगाराने फायरबॉल टाकला. आठ सहाबाजू फासे, सरासरी २८. पाचव्या लेव्हलला लांडग्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा), लेव्हलच्या चौपटीच्या नियमाने, २०. सेव्ह (वाचण्याचा फासा) हुकला, संपलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी नियम वाचून दाखवला: आठ तास घालवले की दुसऱ्या जनावराशी नातं जुळतं. त्या क्षणी बोलायला याहून वाईट वाक्य सापडलं नसतं. तो म्हणाला, “आठ तासांत? बरं.” आणि शीट बंद केलं.

सकाळी मेसेज आला. “मी फायटर करू का? मी असलो की जंगलच नसतं. आणि जंगल असतं तेव्हा मी नसतो.”

आधी चुकीचं निदान

मला वाटलं, नुकसान कमी पडतंय. इंटरनेटवर रेंजरबद्दल जी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू यायची, तीच मी न तपासता उचलली. मग वही घेऊन बसले.

डेक्स्टेरिटी अठरा, लाँगबो. दोन्ही बाण लागले तर प्रत्येकी साडेआठ, म्हणजे १७. हंटर्स मार्क हा मंत्र चालू असेल तर दर बाणामागे सरासरी साडेतीन जादा, म्हणजे २४. बीस्ट मास्टरला जनावर हल्ल्याला सोडायला स्वतःच्या पाळीतली मुख्य कृती, म्हणजे अ‍ॅक्शन द्यावी लागते. पाचव्या लेव्हलपासून त्याच अ‍ॅक्शनमध्ये स्वतःचा एक बाण मिळतो. तो बाण मार्कसह १२, लांडग्याचा चावा सरासरी १०. झाले २२. चोवीस आणि बावीस. एवढ्या फरकाने कुणी क्लास सोडत नाही.

हा हिशोब आधी केला असता तर दोन सेशन वाचली असती. कारण दरम्यान मी तोडगा म्हणून जगात गॉब्लिन वाढवले होते. जिकडेतिकडे गॉब्लिन. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे पसंतीच्या शत्रूवर जादा नुकसान मिळतच नाही. माग काढायला आणि माहिती आठवायला दोन फाशांतला मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, सोबत एक भाषा. थोडक्यात, तो शत्रू वाढवूनही त्याच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. दुसऱ्या सेशनला रोग म्हणालाच, “यांचं संमेलन भरलंय का इथे?”

पर्याय

*क्लास बदलणं.* फायटर सोपा होता. त्याहून टोचणारा पर्याय म्हणजे रोगचा स्काउट हा उपप्रकार, जो २०१७ च्या पुस्तकात आला होता. तिसऱ्या लेव्हलला त्याला नेचर आणि सर्व्हायव्हल या दोन्हींत दुप्पट बोनस मिळतो, प्रदेश कुठलाही असो. खाडीतही. म्हणजे रानातला माणूस म्हणून रोग रेंजरपेक्षा सरस! आकड्यांच्या दृष्टीने हा पर्याय उत्तम होता. पण त्यात माझ्या जगाला रेंजर झेपत नाही, ही कबुलीही होती. माझा अहंकार आड आला, हे लिहून ठेवते.

*२०१६ चा सुधारित रेंजर.* प्रकाशकांनी सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणीसाठी नवा मसुदा दिला होता. फुकट, तयार, बऱ्याच टेबलांवर चालू असलेला. त्यात पसंतीच्या शत्रूवर खरंच जादा नुकसान होतं आणि जनावरही सुधारलेलं. पहिल्याच लेव्हलला इनिशिएटिव्हवर (लढाईत पाळी कुणाची आधी, तो फासा) अ‍ॅडव्हान्टेज, आणि ज्यांची पाळी अजून आलेली नाही त्यांच्यावरच्या हल्ल्यांनाही अ‍ॅडव्हान्टेज. मी मसुदा ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत रोगचा मेसेज आला, “मी एक लेव्हल रेंजर घेऊ का?” त्याचं बरोबर होतं. स्नीक अटॅकला, म्हणजे रोगच्या नेम साधून केलेल्या जोरदार वाराला, अ‍ॅडव्हान्टेज फार उपयोगी पडतो आणि इथे तो एका लेव्हलच्या भावात मिळत होता. पण माझा आक्षेप वेगळा होता. या मसुद्यात प्रवासाच्या खुब्या एका प्रदेशापुरत्या उरत नव्हत्या. आधी फक्त डोंगर गायब व्हायचा, आता खाडी, वाळवंट, दलदल, सगळंच गायब झालं असतं.

*स्वतः मांडणी करणं.* भीती होतीच. घरचे नियम म्हणजे उतू जाणारं दूध, डोळा लागला की गेलं. एकाला दिलं की दुसरा मागतो. शिवाय आठवड्याची नोकरी सांभाळून एक क्लास लिहिणं हे माझं काम आहे का, हाही प्रश्न होताच.

ठरवण्याआधी रेंजरला चहाला बोलावलं. विचारलं, “नियम सोड. रेंजर म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं?” हा प्रश्न पहिल्या सेशनच्या आधी विचारायचा असतो. मी तो आठ महिन्यांनी विचारला.

त्याने राजगडहून तोरण्याला धारेने जातानाची गोष्ट सांगितली. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. सोबत जवळच्या वाडीतले एक मामा होते. वाट दोन बाजूंना फुटली तिथे सगळे मोबाइल काढून उभे. मामा खाली वाकले, शेणाच्या एका पोवाला पायाच्या बोटाने टोकरलं आणि म्हणाले, “ओलं हाय. गुरं हिकडनं गेली. गुरं कड्याकडं जात न्हाईत.” आणि चालू लागले.

“मला ते व्हायचंय,” तो म्हणाला. “वाट चुकत नाही म्हणून वाचून दाखवायचं नाहीये. शेण बघायचंय.”

माझं डोकं तिथे उघडलं. पुस्तकातल्या खुब्या त्याला अडचणीच्या पलीकडे नेऊन ठेवत होत्या. त्याला अडचणीत उतरायचं होतं, फक्त इतरांपेक्षा जास्त दिसावं एवढंच मागणं होतं. फायटरला आपण कधी ‘तुझ्या पसंतीच्या शत्रूशी लढाई आपोआप जिंकलास, पुढे चला’ असं सांगत नाही. रेंजरला मात्र प्रवासाबाबत नेमकं तेच सांगत होतो.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला, तीन अटींवर. सगळा बदल एका पानात मावला पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या क्लासचं वैशिष्ट्य त्यात येता कामा नये. आणि सहा सेशननंतर पान आपोआप रद्द. ठेवायचं असेल तर पाचही जणांनी हो म्हणायचं. तिसरी अट पॅलाडिनने सुचवली होती. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी सूचना तीच.

पानाचा मुख्य भाग असा होता. पसंतीचा प्रदेश रद्द. त्याऐवजी उघड्या रानात असताना रेंजर डीएमला ठरावीक प्रश्न विचारू शकतो. फासा नाही, आणि उत्तर खरंच द्यायचं. प्रश्न पाच: इथून काय गेलं आणि कधी? पाणी किंवा आडोसा कुठे? संध्याकाळपर्यंत हवा काय करेल? मी ज्याचा माग काढतोय ते आता कुठे जाईल? इथे काय जागेवर नाही?

पहिल्या मसुद्यात प्रश्नांना मर्यादा नव्हती. एका सेशनमध्येच कळलं की ही तर उलटतपासणी झाली. तो दर शंभर पावलांवर थांबून पाचही प्रश्न विचारायचा, मी साक्षीदारासारखी उत्तरं द्यायची, बाकीचे चिवडा खात बसायचे. पुढच्या वेळी मर्यादा घातली: दिवसाला प्राविण्याच्या बोनसइतके, म्हणजे पाचव्या लेव्हलला तीन. तेव्हा खेळ सुरू झाला.

वाट चुकणं परत आणलं. गट चुकला तर किंमत कोणती, ते रेंजर ठरवतो: वेळ, आवाज, थकवा किंवा अन्न. अन्न दोन सेशनमध्ये बाद झालं. रेंजरच्याच गुडबेरी मंत्रातून दहा फळं येतात आणि एक फळ माणसाला दिवसभर पुरतं. पाचव्या लेव्हलचा क्लेरिक तर एका मंत्रात पंधरा जणांचं जेवण काढतो. उपासमारीची भीती घालणारी मी, आणि समोर अन्नछत्र. गुडबेरी कमजोर करावी का, यावर विचार केला आणि सोडून दिला. चालणारी गोष्ट मोडून दुसरी चालवायची नाही, असं ठरलं होतं. तीन किमती पुरल्या.

जनावराचा बदल छोटा होता. हल्ल्याचा हुकूम आता मुख्य कृतीशिवाय मिळणाऱ्या छोट्या, बोनस अ‍ॅक्शनने. हिट पॉइंट्स लेव्हलच्या सहापट. शून्यावर गेलं तर बेशुद्ध, मरण फक्त खेळाडूने सांगितलं तरच. हंटर्स मार्क एका शत्रूवरून दुसऱ्यावर न्यायलाही बोनस अ‍ॅक्शनच लागते, त्यामुळे दर पाळीला ‘जनावर की मार्क’ अशी निवड करावी लागे. ती ओढाताण मुद्दाम ठेवली.

तांबू परत आला का? तो म्हणाला, नको. कोळसुनांचा एक कळप खिंडीत दिसला, त्यातली एक मादी आठवडाभर मागे मागे येत राहिली. आठ तासांऐवजी चार सेशन लागली.

पसंतीच्या शत्रूचं मात्र फसलं. त्याजागी ‘अभ्यास’ आणला: एखाद्या प्राण्याचे माग, विष्ठा किंवा प्रेत तासभर पाहिलं की त्याची एक गोष्ट कळते, म्हणजे चिलखताचा आकडा, एखादी खोड, कशाने इजा होत नाही वगैरे. हे वहीत नोंदवायचं. कागदावर छान होतं. प्रत्यक्षात लढाई संपल्यावर कुणाला तासभर प्रेतापाशी थांबायचं नसतं. वहीची चार पानं भरली आणि ती गाडीच्या डिकीत गेली. सोबत मी हंटर्स मार्कचं कॉन्सन्ट्रेशन (असा एका वेळी एकच मंत्र धरून ठेवता येतो, हा नियम) दिवसातून एकदा माफ केलं होतं. त्याने स्पाइक ग्रोथ टाकून काट्यांचं रान उभं केलं, वर मार्कही चालू ठेवला. काट्यांतून ओढत नेलेल्या ओगरची दया आली. तिसऱ्या लढाईनंतर पॅलाडिन न चिडता म्हणाला, “मला पण एक मंत्र फुकट धरून ठेवायला दे ना.” सवलत काढली. रेंजरने हरकत घेतली नाही. त्याला ती कधी हवीच नव्हती. मीच माझ्या जुन्या निदानाचा एक तुकडा पानात घुसवला होता.

एक सेशन, जवळून

पानाचं चौथं सेशन. ओस गडाखालची वाट, दिवस कलतोय. पाच जणांना रात्रीआधी वरच्या टाक्यापाशी पोचायचंय.

रेंजर: “पहिला प्रश्न. इथून काय गेलं?”

मी: “दोन बैलगाड्या, सकाळी. जाताना जड. परतीची खूण नाही.”

तो थोडा थांबला. “दुसरा. काय जागेवर नाही?”

“वानरं. वर उंबराच्या शेंड्यावर दहा-बारा बसलीयत. सगळ्यांची तोंडं गडाकडे. आवाज नाही.”

विझर्ड म्हणाला, “मग? वानरं बसतात की झाडावर.”

रेंजरने खुर्ची पुढे ओढली. “बिबट्या दिसला असता तर खाकरली असती. माणूस असता तर उड्या मारत गेली असती. ही बघतायत आणि ओरडत नाहीयेत. म्हणजे वर जे आहे ते काय आहे, हे त्यांनाच कळलेलं नाही.”

टेबलावर कुणी बोलेना. वरच्या टाक्यात मी घूल (प्रेतं खाणारी भुतं) ठेवले होते, हे फक्त मला माहीत होतं. वानरांचा तपशील त्याच दुपारी सुचलेला, पण त्यातून त्याने जो निष्कर्ष काढला तो माझ्या कागदावर नव्हता. क्लेरिकने लगेच पवित्र चिन्ह बाहेर काढलं.

रोग: “तिसरा विचार ना आता!”

“नको. रात्रीला लागेल.”

फासा एकदाही पडला नव्हता आणि तरी ते त्या वर्षातलं सगळ्यात ताणलेलं दृश्य होतं. ते जमलं कारण त्याला खरंच रान माहीत होतं. ज्याने वानराचं खाकरणं कधी ऐकलं नाही, त्याला या उत्तराचा काय उपयोग, ही शंका तेव्हाही होती. पुढच्या सेशनपासून मी उत्तराला शेपूट जोडू लागले: “तुझ्या पात्राला ठाऊक आहे की…” इतकं पुरतं. तर्क मात्र खेळाडूने करायचा.

काय निष्पन्न झालं

सहा सेशननंतर मत घेतलं. प्रश्न आणि जनावर पाच विरुद्ध शून्य राहिले. अभ्यासाची वही रद्द झाली. मार्च २०२० नंतर आम्ही ऑनलाइन गेलो, तिथेही पान टिकलं. कॅम्पेन अकराव्या लेव्हलला संपलं, रेंजर शेवटपर्यंत रेंजरच राहिला.

किंमत बहुतांशी मी मोजली. प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची म्हणजे खरं काहीतरी तयार असावं लागतं: कोण कुठून गेलं, पाणी कुठे, वारा कुठला. तयारीचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला. ज्या सेशनला मी तयारीशिवाय बसले, तिथे उत्तरं पोकळ निघाली आणि ते त्याला दोन मिनिटांत कळलं. दुसरं म्हणजे गटाची गती मंदावली. विझर्डला प्रवासाचा कंटाळा यायचा आणि त्याने तो लपवला नाही. त्यावर उत्तर सापडलं नाही. जिथे रान महत्त्वाचं नाही तिथे मी स्वतःच प्रवास एका वाक्यात उरकू लागले. जुन्या नियमाचा तोटा आता माझ्या मर्जीने वापरला जात होता, इतकंच.

दरम्यान प्रकाशकांचंही काम चालू होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी चाचणीसाठी काही पर्यायी खुब्या दिल्या, त्यांत हंटर्स मार्क कॉन्सन्ट्रेशनशिवाय मिळत होता. आम्ही ज्या खड्ड्यात पडून वर आलो होतो तोच. वर्षभराने, नोव्हेंबर २०२० च्या पुस्तकात ती मोकळीक नव्हती. त्याजागी चार बाजूंच्या फाशाने सुरू होणारं छोटं जादा नुकसान आलं, कॉन्सन्ट्रेशनसकट. जनावराला बोनस अ‍ॅक्शनचा हुकूम तिथेही आला आणि हिट पॉइंट्स लेव्हलच्या पाचपट अधिक पाच. पाचव्या लेव्हलला ते तीस होतात, आमचेही तीस. हे वाचून रेंजरने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला.

प्रदेशाची खुबी त्यांनी कशी सोडवली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका कौशल्यात दुप्पट बोनस, दोन भाषा, पुढे चालण्याचा वेग, पोहणं, चढणं. स्वच्छ काम आहे आणि कुठल्याही टेबलावर चालतं. डीएमने काय तयारी केली आहे यावर त्यांना अवलंबून राहता येत नाही, मला येतं. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तर क्लासचा कणाच हंटर्स मार्क झाला आहे: दिवसाला काही वेळा फुकट, तेराव्या लेव्हलपासून मार खाल्ला तरी सुटत नाही, विसाव्याला सहाऐवजी दहा बाजूंचा फासा. लढाईपुरतं बोलायचं तर त्यात सुटसुटीतपणा आहे. पण तो शेणाचा पो टोकरणारा मामा त्यात मला दिसत नाही.

आज केलं तर

चहा आधी, हिशोब नंतर. तो एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर घाट तरी वाचला असता.

बाकीच्या चौघांना मी फक्त मतदानाला बोलावलं. विझर्डला मांडणीतच घेतलं असतं तर प्रवासात त्याच्यासाठीही काही निघालं असतं. पाचांपैकी एखादा प्रश्न त्यालाही विचारता आला असता: जादूचा माग, जुन्या दगडावरचं लेखन, असं काही. ते कधी झालं नाही.

आणि तांबूच्या सेशनला नियम वाचून दाखवला नसता. पुस्तक मिटून विचारलं असतं, “कुठे पुरायचं?”

नव्या कॅम्पेनमध्ये तो वॉरलॉक खेळतो. पान आता पॅलाडिनच्या धाकट्या बहिणीकडे आहे. तिला ट्रेकिंगचा गंध नाही. पहिल्याच दिवशी तिने सहावा प्रश्न मागितला: “इथे आधी माणसं राहत होती का?” दिलाय, सहा सेशनपुरता.